१२३४५६७८९८७६५४३२१ : लेकीचं उत्तर २१ वर संपतं, संगणकाचं शून्यावर. खरं कोणाचं?

खाडीकिनारा
नमस्कार मंडळी. प्रश्न गणिताचा आहे, पण घरात घडलेलं आधी सांगतो.

रविवारी संध्याकाळी सातवीतल्या लेकीने गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचं पान उलटं केलं आणि नऊ वेळा एक गुणिले नऊ वेळा एक असा गुणाकार मांडला. कोणी सांगितलं नव्हतं. वर्गात ११ आणि १११ चे वर्ग झाले होते, तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं. ओळी मावेनात म्हणून खाली दुसरं पान चिकटवलं. अर्ध्या तासाने तळहाताची कड शिसाने काळी करून उत्तर घेऊन आली: १२३४५६७८९८७६५४३२१.

मी लॅपटॉपवर स्प्रेडशीट उघडली, तोच गुणाकार टाकला, सगळे आकडे दिसतील असं केलं. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. तिला म्हटलं, शेवटी चुकलीस, परत कर. ती म्हणाली, "बाबा, एक गुणिले एक शून्य कसं येईल?" आणि पान घेऊन आतल्या खोलीत गेली. जेवायला आली तेव्हा डोळे लाल होते.

रात्री तोच गुणाकार ब्राउझरमध्ये करून पाहिला. तिथे १२३४५६७८९८७६५४३२०! एका घरात तीन उत्तरं. लेकीचं बरोबर आहे एवढं आता मला कळलंय, पण तिला नीट समजावून सांगायचं आहे. संगणक असं का करतो? आणि या संख्येत आणखी काय काय आहे? जे माहीत असेल ते लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

सेक्टर_सतरा
लेकीला आधी सॉरी म्हणा. बाकी मग.

खाडीकिनारा
@सेक्टर_सतरा, सकाळी शाळेत सोडतानाच म्हटलं.

महापे_रात्रपाळी
दादा, संगणक चुकला असं म्हणण्यापेक्षा त्याच्या डब्यात संख्या मावली नाही असं म्हणा.

बहुतेक ठिकाणी संख्या साठवायला ६४ बिटांचा एक साचा असतो. त्यातला खुद्द आकड्यांसाठीचा भाग भरतो ५३ बिटांचा. म्हणजे २ चा ५३ वा घात, ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक चोख बसतो. त्यापुढे एक सोडून एक, म्हणजे फक्त सम संख्या बसतात. तुमच्या लेकीची संख्या या हद्दीच्या पलीकडे आहे आणि विषम आहे. मग ब्राउझर शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसतो: ३२०. स्प्रेडशीट त्याहून कडक, ती पंधरा आकडे ठेवते आणि पुढे शून्यं लावते. म्हणून ३००.

पायथॉनमध्ये करून पाहा. तिथे पूर्णांकाला अशी हद्द नाही, नीट ३२१ येतं.

हे मी हौसेने शिकलो नाही. आधीच्या नोकरीत ग्राहकांचे सोळा आकडी खातेक्रमांक कोणीतरी शीटमध्ये साधे आकडे म्हणून उतरवले. प्रत्येकाचा शेवटचा आकडा शून्य. आठशे-नऊशे ओळी, आणि मूळ कागद गोदामात. आम्ही तिघांनी दोन रात्री बसून एकेक क्रमांक पुन्हा भरला. तेव्हापासून लांब क्रमांक दिसला की मी तो रकाना आधी टेक्स्ट करतो, मग बोटं चालवतो.

पाटीपेन्सिल
मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. खाडीकिनारा, तुमची मुलगी "एक गुणिले एक शून्य कसं येईल" म्हणाली ना? तोच पुरावा आहे. विषम गुणिले विषम विषमच येतं. विषय तिथेच संपतो.

तरी तिला आणखी दोन हत्यारं द्या.

पहिलं, नवाचा ताळा. नऊ एकांची बेरीज ९, म्हणजे त्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणजे गुणाकारालाही जायलाच हवा. तिच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज करा: ८१. भाग जातो. ब्राउझरच्या उत्तराची बेरीज ८०, स्प्रेडशीटच्या उत्तराची ७८. दोन्हींना ९ ने भाग जात नाही. दोन्ही यंत्रं ताळ्यात नापास. नवाचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, त्यासाठी अकराचा ताळा करायचा, म्हणजे उजवीकडून अंक एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे. तिचं उत्तर त्यातही टिकतं.

दुसरं, वर्गसंख्येचा शेवट. वर्गसंख्येच्या शेवटी शून्यं आली तर ती सम संख्येनेच येतात, त्यामुळे एकाच शून्यावर संपणारी ३२० वाली संख्या कोणाचाच वर्ग असू शकत नाही. ३०० मध्ये शून्यं दोन आहेत, पण ती काढली की एककस्थानी ३ उरतो, आणि कुठल्याही वर्गाच्या एककस्थानी ३ येत नाही. येतात ते ०, १, ४, ५, ६, ९. सातवीच्या मुलीला हे सगळं पेन्सिलने पडताळता येतं.

येऊरवारा
बाई, मस्त. ताळा हा शब्द कित्येक वर्षांनी वाचला.

आता हा मनोरा उभा कसा राहतो ते. लेकीचं पान समोर घ्या. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता ओळी विसरा, उभे रकाने मोजा. सगळ्यात उजव्या रकान्यात एकच १. त्याच्या शेजारी दोन. मग तीन. असं वाढत मधल्या रकान्यात नऊ, तिथून पुन्हा आठ, सात, सहा, शेवटी एक. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक ही त्या रकान्यातल्या एकांची मोजदाद आहे. आणि सगळ्यात भरलेल्या रकान्यातही नऊच, म्हणून कुठेही हातचा येत नाही. सगळं हातच्यावर अवलंबून आहे.

दहा एक घेतले की काय होतं ते तिला स्वतः करू दे. इथे उत्तर लिहू नका कोणी.

सव्वाआठची
मी जन्माने डोंबिवलीची, लग्न होऊन ठाण्यात आले, त्यामुळे मला आज राहवत नाहीये. या संख्यांना नाव आहे, आणि ते नाव आमच्या स्टेशनचं आहे!

१, १२१, १२३२१, १२३४३२१... या मालिकेला 'वंडरफुल डेम्लो नंबर्स' म्हणतात. नाव ठेवलं गणिती द. रा. कापरेकरांनी. त्यांना या संख्यांचा विचार सुचला तो जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, मुंबईपासून तीस मैलांवर. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. त्यांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, मग पुण्याचं फर्ग्युसन. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते.

मी रोज तीन नंबरच्या फलाटावर उभी राहायचे आणि हे मला चाळीस वर्षांची होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या लेकीला आत्ताच सांगा.

ऐरोलीकर
कापरेकरांबद्दल आदर आहे. पण एक शंका मनापासून मांडतो. हे सगळं आपण दहाच्या पायात, म्हणजे दहा-दहाचे गट करून लिहितो म्हणून दिसतं ना? बोटं आठ असती तर हा मनोरा दिसलाच नसता. मग हा गुणधर्म संख्येचा की लिहिण्याच्या पद्धतीचा? शिवाय अशा संख्या दिसल्या की अंकज्योतिषवाले लगेच पाट मांडून बसतात. मुलीला मूळ संख्या, विभाजक असलं काही शिकवा, ते कुठल्याही पायात खरं राहतं.

येऊरवारा
@ऐरोलीकर, अंकज्योतिषाबद्दल पूर्ण सहमत. पण बोटं आठ असती तरी मनोरा असताच, फक्त दोन मजले कमी. आठच्या पायात सात एक घ्या, वर्ग येतो १२३४५६७६५४३२१. तिथेही मधल्या रकान्यात सातच, हातचा नाही. सोळाच्या पायात पंधरा एक घेऊन मनोरा आणखी उंच जातो. पाया बदलला तर उंची बदलते, आकार तोच राहतो. मुळात ही मोजण्याची गोष्ट आहे.

पाटीपेन्सिल
याचंच दुसरं रूप रोजच्या खेळात आहे. दोन फासे टाका. बेरीज २ येण्याचा मार्ग एक, ३ येण्याचे दोन, ४ चे तीन, ५ चे चार, ६ चे पाच, ७ चे सहा, मग ८ चे पाच, असं उतरत १२ चा पुन्हा एक. हे आकडे ओळीने लिहा: १२३४५६५४३२१. हाच १११११ च्या पुढचा, सहा एकांचा वर्ग! आणि अंकांची बेरीज ३६, म्हणजे दोन फाशांचे एकूण प्रकार. व्यापार खेळताना सात सगळ्यात जास्त वेळा का पडतो, ते इथे समजतं. लेकीच्या संख्येसाठी नऊ बाजूंचे दोन फासे लागतील एवढंच.

ऐरोलीकर
बाई, फाशांचं मी कधी असं पाहिलं नव्हतं. माझी शंका मागे घेतो. मग मीही काहीतरी देणं लागतो, म्हणून अवयव पाडले.

नऊ एक = १११ × १००१००१.
१११ = ३ × ३७.
१००१००१ = ३ × ३३३६६७.
३३३६६७ मूळ संख्या आहे. म्हणजे नऊ एक = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्याचा वर्ग केला की लेकीची संख्या: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५.

विभाजक विषम संख्येने येतात कारण ही वर्गसंख्या आहे. एरवी विभाजक जोडीने येतात, वर्गात मात्र वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते.

सव्वाआठची
पंचेचाळीस!! दादा, ४५ ही तर कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. डेम्लो संख्येचे विभाजक मोजले आणि कापरेकर संख्या हाती आली. योगायोग असेल, पण अंगावर काटा आला.

सेक्टर_सतरा
कापरेकर संख्या म्हणजे वर्ग करायचा, मधून तोडायचा, दोन तुकड्यांची बेरीज मूळ संख्या यायला हवी. बरोबर ना? मग वाशीकरांनो, ऐका. आपला पिनकोड ४००७०३. शेवटचे तीन आकडे ७०३. वर्ग ४९४२०९. आणि ४९४ + २०९ = ७०३!

वीस वर्षं हा आकडा पाकिटांवर लिहितोय.

महापे_रात्रपाळी
हे भारी आहे. वर ७०३ = १९ × ३७. म्हणजे ऐरोलीकरांचा ३७ इथेही. आणि १ ते ३७ ची बेरीजही ७०३, त्रिकोणी संख्या.

कळवा_नाका
आता पिनकोडचं निघालंच आहे तर आमचंही घ्या. कापरेकरांनीच 'हर्षद संख्या' हे नाव दिलं, हर्ष देणारी. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग गेला की ती हर्षद. कळवा ४००६०५: बेरीज १५, भागाकार २६७०७, बाकी शून्य. हर्षद!

सेक्टर_सतरा
वाशी: बेरीज १४, आणि संख्या विषम. नाही बसत. आम्ही ७०३ वर समाधानी आहोत.

येऊरवारा
बाळकुम ४००६०८: बेरीज १८, भागाकार २२२५६. हर्षद. ठाणे स्टेशनकडचा ४००६०१ नाही, नौपाड्याकडचा ४००६०२ पण नाही, थोडक्यात हुकला, १२ ने भागलं की अर्धा उरतो.

ऐरोलीकर
४००७०८: बेरीज १९, बाकी १७. ऐरोली नाही. नेरुळ ४००७०६: १७ ने भागून बाकी १६. तेही नाही. बेलापूर ४००६१४ ला १५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा, तो नाही.

पाटीपेन्सिल
मंडळी, पिनकोडवरून मूळ संख्येकडे या, कारण ती स्वतः हर्षद आहे. अंकांची बेरीज ८१. आणि ऐरोलीकरांनी पाडलेल्या अवयवांत ३ चा चौथा घात आहेच, म्हणजे ८१. भाग घालवा: १५२४१५७८९९७१०४१. हा पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. ज्या संख्येत ८ गाळलेला असतो, ती. तिला ९ ने गुणलं की नऊ एक मिळतात, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर करायचे.

मालिकेतल्या नऊ पायऱ्यांपैकी हर्षद कुठल्या ते मुलीला शोधायला सांगा. पहिली, तिसरी आणि नववी, एवढ्याच आहेत. का, ते तिने शोधावं.

आणि भागण्याऐवजी ८१ ने गुणलं तर? नऊ वेळा नऊ, त्याचा वर्ग.

वहीचं_मागचं_पान
खूप उशिरा आले धाग्यावर. आई पाढे म्हणून घ्यायची तेव्हा मोठ्या संख्यांची नावंही म्हणून घ्यायची, ती आठवली. ११५० च्या सुमाराला भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेला तो क्रम आहे, प्रत्येक नाव आधीच्या दसपट. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. तुमच्या लेकीची संख्या सतरा आकडी, म्हणजे ती मध्यापासून सुरू होते:

१ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ दशलक्ष, ६ लक्ष, ५ दशसहस्र, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक.

मोठ्याने म्हणून पाहा. नऊला आवाज चढतो आणि मग उतरतो. परार्ध अजून एक घर पुढे आहे.

खाडीकिनारा
मंडळी, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण रोज रात्री जेवणानंतर एकेक प्रतिसाद वाचून दाखवत होतो आणि ती वहीत करून बघत होती. @वहीचं_मागचं_पान, ताई, ती नावं पाठ झाली आहेत. काल रिक्षात म्हणत होती, रिक्षावाल्या काकांनी आरशातून बघून परत म्हणायला लावली.

येऊरवारा, तुमचा दहा एकांचा गुणाकार तिने केला. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. मी यंत्र उघडलं नाही. तिने स्वतःच नवाचा ताळा केला: बेरीज ८२, बाकी १, आणि दहाचा वर्ग शंभर, बाकी १. जमलं. पण तिचा प्रश्न आहे: डाव्या बाजूचा ८ कुठे गेला? आणि शंभरच्या जागी ८२ च का?

येऊरवारा
शाब्बास! तिला सांगा, ८ कुठे गेला नाही. मधल्या रकान्यात आता दहा एक आहेत. शून्य लिहायचं, हातचा एक. डावीकडच्या नऊमध्ये तो मिळाला, झाले दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. तो आठमध्ये मिळाला, झाले नऊ. म्हणजे उत्तरात सातच्या शेजारी जो ९ दिसतो, तोच आपला ८, हातचा घेऊन बसलेला.

पाटीपेन्सिल
आणि दर हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे अंकांच्या बेरजेत नऊ कमी होतात. हातचे दोन, म्हणून अठरा कमी. शंभरातून अठरा गेले, ८२.

खाडीकिनारा
वाचून दाखवलं. "म्हणजे बेरीज बघून हातचे किती झाले ते न मांडता कळेल?" असं म्हणाली आणि अकरा एकांसाठी तिसरं पान चिकटवायला घेतलं. तोवर बाईंचं ८१ वालं करून ठेवलंय: ९९९९९९९९८००००००००१. आठच्या डावीकडे आठ नऊ आहेत का, आणि उजवीकडे आठ शून्यांनंतर एक आहे का, ते तिने बोट ठेवून मोजलं. मग मला म्हणाली, आता तुमच्या शीटमध्ये टाका. टाकलं. शेवटचा १ गेला, शून्य आलं. तिने शीटचं उत्तर वहीत उतरवलं, खाली नवाचा ताळा केला आणि लाल पेनाने फुली मारली.

सव्वाआठची
रविवारी डोंबिवलीला माहेरी जाते आहे. दादा, तिला घेऊन या. फलाटावर उभं राहून अकरावालं उत्तर बघू.